आपला आज्ञाधारक

‘आज्ञाधारक’ हा शब्द मराठी माणूस आयुष्यात बहुधा एकाच ठिकाणी लिहितो, आणि ते ठिकाण म्हणजे शाळेच्या रजेच्या अर्जाचे शेपूट. ‘काल पोटात दुखत असल्यामुळे मी वर्गात हजर राहू शकलो नाही’ हे धडधडीत खोटे वाक्य लिहून झाले, की त्याखाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ म्हणून सही ठोकायची. पुढे नोकरी लागते. पोट नेमके त्याच दिवशी दुखते, अर्जही तोच राहतो. फक्त ‘आपला आज्ञाधारक’च्या जागी ‘आपला विश्वासू’ येतो. या दोन सह्यांत काही फरक असतो, याकडे माझे लक्ष वेधले ते सव्वादोन किलो वजनाच्या एका पिल्लाने.

हे पिल्लू गावठी. रंग खरपूस भाजलेल्या रव्याचा आणि पोट गणपतीच्या वळणाचे. म्हणून आमच्या मातोश्रींनी त्याचे नाव ढब्बू ठेवले. ढब्बू घरी येऊन तीन दिवस झाले नाहीत तोच सोसायटीतल्या ज्याने त्याने मला जिन्यात गाठून एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, "मग, क्लास लावला का?"

पुणेकराची क्लासवर श्रद्धा आहे. देवावरची श्रद्धा संकटात डळमळते, क्लासवरची संकटात वाढते. बालवाडीत शिरण्यासाठी क्लास, दहावीला क्लास, आणि चांगल्या क्लासच्या प्रवेशपरीक्षेसाठी आणखी एक क्लास, अशी आपली परंपरा. तेव्हा कुत्र्याच्या पिल्लाला क्लास लावणे हे ओघानेच आले. एक गोष्ट आधीच स्पष्ट करून टाकतो. मी क्लासच्या विरुद्ध नाही. पिल्लाला क्लास लावावाच. माझे भांडण आहे ते क्लास निवडण्याच्या आपल्या तऱ्हेशी. ‘तीस दिवसांत कुत्रा आज्ञाधारक’ अशी पाटी दिसली की आपण खिशात हात घालतो. माझे म्हणणे असे, की ती पाटी दिसली की पिल्लाला उचलून काखेत घ्यावे आणि रस्ता ओलांडावा. पिल्लाला आज्ञाधारक करून देणाऱ्या क्लासच्या वाटेला जाऊ नये. पिल्लाच्या मालकाला शहाणा करणारा क्लास शोधावा, आणि सापडला तर सोडू नये.

मुळात पिल्लू म्हणजे कोरी पाटी आणि क्लासात गेल्यावरच तिच्यावर पहिले अक्षर उमटते, ही कल्पनाच भाबडी आहे. पिल्लू पहिल्या तासापासून शिकत असते, इतकेच नव्हे तर शिकवतही असते. ढब्बूने आठवड्याभरात आमच्या घराला जे वळण लावले ते आमच्या तीर्थरूपांना तीस वर्षांत जमले नव्हते. पहाटे पाच वाजता ‘कुंई’ केले की मातोश्री उठून दूधपोळी कुस्करतात, हा त्याचा पहिला धडा. चप्पल पळवली की चिरंजीव मागे धावतात आणि मोठी मजा येते, हा दुसरा. आणि कुणाच्या पायाशी मुकाट्याने येऊन बसले तर घरातले एकही माणूस ढुंकून पाहत नाही, हा तिसरा. तिन्ही धडे त्याने कसलीही फी न भरता पाठ केले. आता तुम्हीच सांगा, त्या घरात क्लासची गरज नेमकी कुणाला होती?

तरीही लोकाग्रहास्तव मी क्लास पाहायला निघालो. पिल्लाला घरीच ठेवले. स्थळ पाहायला जाताना वधूला कुणी पहिल्याच दिवशी बरोबर नेत नाही.

पहिला क्लास निवासी निघाला. "महिनाभर आमच्याकडे ठेवा सर, आज्ञाधारक करून परत देतो," असे तिथल्या गृहस्थांनी सांगितले. जणू ढब्बू म्हणजे मनगटी घड्याळ. दुरुस्तीला टाकायचे आणि तारखेला पावती दाखवून सोडवून आणायचे. अडचण अशी, की कुत्र्याचे शिकणे माणसाला आणि जागेला चिकटलेले असते. त्या गृहस्थांच्या अंगणात, त्यांच्या तोंडून आलेले ‘बस’ कळले म्हणून आमच्या दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर, मातोश्रींच्या तोंडून आलेले ‘बस रे बाबा एकदाचा’ त्याला कळेलच असे नाही. तो धडा घरी पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो, आणि तो घ्यायचा कसा हे घरच्यांना कुणीच शिकवलेले नसते. शिवाय त्या तीस दिवसांत पाठीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय चालते, हे पिल्लाला आणि देवालाच ठाऊक. दोघेही साक्ष द्यायला येत नाहीत.

दुसरा प्रकार घरी येणाऱ्या मास्तरांचा. हे मोटारसायकलवरून येतात, कुत्र्याला खाली पार्किंगमध्ये नेतात, अर्ध्या तासाने वर आणून सोडतात आणि महिन्याच्या एक तारखेला घरात येऊन बसतात. आमच्या शेजारच्या इमारतीत एक अल्सेशियन असा शिकलेला आहे. मास्तरांच्या मोटारसायकलचा आवाज आला की तो दाराशी अटेन्शनमध्ये बसतो. घरच्या काकू ‘बस’ म्हणाल्या की तोही बसतो, पण सोफ्यावर. कुत्र्यात काही दोष नाही. त्याला क्लास लागला, काकूंना लागला नाही, एवढेच. मास्तर सात ते साडेसात असतात. उरलेले साडेतेवीस तास काकूंनी काय करावे याची व्यवस्था फीमध्ये नव्हती.

तिसरा क्लास मैदानावरचा, रविवारी सकाळी सातचा. पंधरावीस कुत्री रांगेत, प्रत्येकाच्या गळ्यात चोक चेन, आणि समोर खाकी हाफ पँट घातलेले, शिट्टी गळ्यात अडकवलेले एक धिप्पाड गुरुजी. कुत्र्याने मान वळवली की साखळीला हिसका. कुत्रा पुढे गेला की हिसका. मागे राहिला की हिसका. पिल्लू घ्याल का, असे विचारल्यावर गुरुजी म्हणाले, "सहा महिन्यांचं झालं की आणा. कुठलं आहे?" मी म्हटले, "गावठी." गुरुजींचा चेहरा दयार्द्र झाला. "त्यांना बुद्धी कमी असते हो सर. लॅब घ्या." मग त्यांनी मला जवळ बोलावून गुरुमंत्र दिला. "कुत्रा म्हणजे लांडगा. घरात अल्फा कोण, हे पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे. तुम्ही आधी जेवायचं, दारातून तुम्ही आधी बाहेर पडायचं. नाहीतर उद्या तो तुमच्या डोक्यावर बसेल."

आमच्या घरात अल्फा कोण, हे लग्नाच्या दिवशीच ठरलेले आहे, आणि तो मी नाही, ही खाजगी बाब सोडून द्या. पण हे अल्फा प्रकरण आले कुठून, ते एकदा सांगितलेच पाहिजे. कारण त्याच्या नावाखाली पुण्यामुंबईच्या मैदानांवर आजही हजारो हिसके बसतात.

झाले असे, की रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहिले आणि १९४७ साली त्यांच्यावर निबंध लिहिला. हे लांडगे कुंपणात कोंडलेले होते. पळून जायला जागा नाही, त्यामुळे मारामाऱ्या आल्या, आणि मारामाऱ्यांत जिंकणारा तो म्होरक्या. रेल्वेच्या जनरल डब्यात खिडकीसाठी चाललेली धक्काबुक्की पाहून मराठी कुटुंबव्यवस्थेवर प्रबंध लिहावा, तसाच हा प्रकार. पुढे अमेरिकेतले लांडग्यांचे जाणकार डेव्हिड मेक यांनी १९७० साली ‘द वुल्फ’ हे पुस्तक लिहिले आणि त्यातून हा अल्फा घरोघरी पोचला. पण मेकसाहेब तिथे थांबले नाहीत. कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समियर बेटावर त्यांनी वर्षानुवर्षे मोकळे लांडगे पाहिले आणि १९९९ साली लिहिले, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असते: आई, बाप आणि त्यांची पोरे. अल्फा म्हणतात तो दुसरातिसरा कुणी नसून पोरांचा बाप. तो मारामारी जिंकून बाप झालेला नसतो; बापलोक जसे बाप होतात तसाच तोही झालेला असतो. यानंतर मेकसाहेब आपले जुने पुस्तक छापणे बंद करा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. आपलेच पुस्तक बंद करा म्हणणारा लेखक मराठीत अजून जन्माला यायचा आहे. पण तो मुद्दा वेगळा. मुद्दा हा, की ज्याने अल्फा घरोघरी पोचवला त्यानेच तो परत मागितला, आणि आमचे गुरुजी मात्र तो अजून परत द्यायला तयार नाहीत.

आणि कुत्रा म्हणजे काही लांडगा नव्हे. तो माणसाच्या दारी येऊन बसला त्याला किमान चौदा हजार वर्षे झाली. एवढ्या काळात तो पोळी खायला शिकला. ढब्बू माझ्या आधी दारातून बाहेर पडतो, तो दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये सत्तापालट करावा म्हणून नव्हे. बाहेर कचऱ्याची बादली ठेवलेली असते आणि तिला बोंबलाचा वास येत असतो, एवढेच त्याचे राजकारण.

आता साखळीबद्दल. तिलाही वंशावळ आहे. कोनराड मोस्ट या जर्मन अधिकाऱ्याने १९१० साली पोलिसांच्या कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. त्यातली शिस्त सक्तीची. लष्करातून ती तऱ्हा नागरी मैदानांवर उतरली. त्याच १९१० साली जन्मलेल्या बार्बरा वुडहाउस या इंग्रज बाईंनी १९८० साली बीबीसीच्या पडद्यावर कुत्र्यांचा क्लास घेतला आणि अवघ्या इंग्लंडला वेड लावले. बाई गोड, आवाज खणखणीत, पण हातात चोक चेनच. म्हणजे ही विद्या शंभराहून अधिक वर्षांची आहे, हे कबूल. पण शंभर वर्षांपूर्वी मुलांनाही ओणवे उभे करून छड्या मारीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. शाळेतून हद्दपार झालेल्या छडीने मग नवा पत्ता शोधला, आणि ती रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर येऊन उभी राहिली.

"पण सर, उपयोग होतो ना," असे गुरुजी म्हणतात. होतो. हिसका बसला की कुत्रा जे करत होता ते थांबवतो, यात शंका नाही. प्रश्न हा, की तो शिकतो काय. ढब्बू समजा रस्त्यावरच्या एका लहान मुलाकडे शेपूट हलवत निघाला आणि त्याच क्षणी गळ्याला फास बसला, तर त्याने काढलेला निष्कर्ष ‘ओढू नये’ असाच असेल, याची हमी कोण देणार? ‘लहान मूल दिसले की गळा दुखतो’ हा निष्कर्षही तितकाच तर्कशुद्ध आहे. मग तो मुलांवर गुरगुरतो. गुरगुरला म्हणून पुन्हा हिसका. मग तो गुरगुरणे सोडतो, आणि मालक शेजाऱ्यांना सांगतो, "सुधारला हो!" वाचकहो, गुरगुरणे ही कुकरची शिट्टी आहे. शिट्टी काढून घेतली म्हणजे वाफ निघून जात नाही. न गुरगुरता चावणारे कुत्रे बऱ्याचदा जातीने दुष्ट नसते. ते असे सुधारलेले असते.

पोर्तुगालमध्ये संशोधकांनी सात निरनिराळ्या क्लासांतली ९२ कुत्री तपासली आणि २०२० साली निष्कर्ष छापले. धाकाने शिकवणाऱ्या क्लासांतली कुत्री क्लास चालू असताना अधिक धापा टाकत, अधिक ओठ चाटत, अधिक अवघडून बसत. आणि क्लासनंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल या ताणाच्या द्रव्याचे प्रमाणही अधिक वाढलेले आढळले. गुरुजींच्या भाषेत यालाच ‘कुत्रा शांत झाला’ असे म्हणतात. ताठ बसलेला जीव शांत असतो की घाबरलेला, हे आपल्यापैकी ज्यांना गणिताचे कडक मास्तर लाभले त्यांना तरी ओळखता यायला हवे.

"त्याला चूक कळते हो, बघा कसा अपराधी चेहरा करतो," हाही एक लाडका युक्तिवाद. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी २००९ साली यावर एक साधा प्रयोग केला. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, याची खरीखोटी माहिती मालकाला द्यायची आणि चेहरा पाहायचा. अपराधी चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर ठरत नव्हता; मालक रागावतो की नाही यावर ठरत होता. म्हणजे तो पश्चात्ताप नव्हे. साहेब चिडलेले दिसले की कारण न कळताही आपण जो चेहरा करतो, तोच तो.

आता दुसऱ्या बाजूचे ऐकून घेऊ. धाक नको म्हटले की पहिला आक्षेप येतो, "म्हणजे खाऊ देऊन शिकवायचं? ही लाच झाली!" हा आक्षेप बहुधा महागाई भत्त्याची थकबाकी वसूल करण्यासाठी मोर्चात गेलेल्या माणसाकडून येतो. लाच आणि पगार यांत फरक आहे, आणि तो आपल्याला चांगला ठाऊक आहे. लाच कामाआधी दाखवतात, पगार कामानंतर देतात. पिल्लाच्या नाकापुढे पनीर नाचवून त्याला बसवले तर ती लाच. ते बसले, आणि बसल्याच्या सेकंदभरात वाटाण्याएवढा तुकडा तोंडात पडला, तर तो पगार. काम अंगवळणी पडले की तुकडा दर खेपेला द्यावा लागत नाही. कधी खाऊ, कधी शाबासकी, कधी चेंडू. यालाच बोनस म्हणतात, आणि बोनसच्या आशेवर माणसे पस्तीस वर्षे कशी हजर राहतात ते आपण पाहतोच. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण भक्तिभावाने मुलांना सांगतो. मी नामदेवांइतका उदार नाही. मी आधी ‘बस’ म्हणतो.

दुसरा आक्षेप, "मग ते लाडावेल." नियम नसले तर लाडावेलच. पण नियम पाळायला लावणे आणि दुखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहाटेच्या कुंईला दूधपोळी नाही, हा नियमच आहे. तो पाळायला साखळी लागत नाही, मातोश्रींना अंथरुणात धरून ठेवणारी इच्छाशक्ती लागते. ती साखळीपेक्षा कितीतरी दुर्मिळ.

आता ‘सहा महिन्यांचं झालं की आणा’ या फर्मानाकडे वळू. या नियमाचे मूळ पिल्लाच्या बुद्धीत नाही, त्याच्या मानेत आहे. कोवळ्या मानेला हिसके सोसत नाहीत, म्हणून सहा महिने. बुद्धीची वेळ वेगळीच असते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे पिल्ले पाळून १९६५ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात पिल्लाची जगाशी ओळख होण्याचा नाजूक काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा दिला आहे. या काळात जे भेटले ते आपले; जे भेटले नाही त्याची पुढे धास्ती. पुण्यातल्या पिल्लाला काय काय भेटायला हवे, याची यादी करून पाहा: कुकर, मिक्सर, रिक्षा, हेल्मेटवाला, काठी टेकत चालणारे आजोबा, झाडूवाल्या मावशी, लिफ्ट, पशुवैद्याचे टेबल, आणि लांबून का होईना, ढोलताशा. सहाव्या महिन्यापर्यंत पिल्लू गॅलरीत कोंडून ठेवले आणि मग एकदम गणेशोत्सवात बाहेर काढले, तर त्याने कॉटखालून तीन दिवस बाहेर न येणे हा त्याचा हट्ट नव्हे; तो आपला हिशेब आहे.

"पण लसी पूर्ण व्हायच्या आहेत," असे कुणी म्हणेल, आणि ती शंका रास्त आहे. पार्व्होसारखे रोग पिल्लाचा जीव घेतात; अर्धवट लसीच्या पिल्लाला रस्त्यावर हुंगत फिरवणे मूर्खपणाचेच. पण यावर तोड आहे. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ सालीच सांगितले, की सात-आठ आठवड्यांचे पिल्लू क्लासला जाऊ शकते. पहिल्या क्लासच्या किमान सात दिवस आधी लसींचा निदान एक हप्ता आणि पहिले जंतांचे औषध झालेले असावे. अर्थात जागा स्वच्छ हवी, येणाऱ्या प्रत्येक पिल्लाचे लसीचे कार्ड तपासलेले हवे आणि आपल्या डॉक्टरांना विचारलेले हवे. तोपर्यंतही पिल्लाला कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत जायला काहीच हरकत नाही. कडेवरून जग पाहिल्याने कुणाचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही. आपण सगळ्यांनी ते तिथूनच पाहिले.

अशा तऱ्हेचा एक क्लास मला चौथ्या खेपेस सापडला. एका इमारतीच्या स्वच्छ धुतलेल्या गच्चीवर सहा पिल्ले, त्यांच्यासोबत सहा अख्खी कुटुंबे, आणि शिकवणारी तिशीची मुलगी. ती पिल्लांना जवळजवळ हातच लावत नव्हती. तिचे सगळे लक्ष माणसांवर. एक निवृत्त अधिकारी आपल्या पिल्लाला "बस, बस, बस, अरे बस, बस की!" असे बजावत होते. ती शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही पाच वेळा म्हणालात. पहिली चार वेळा ऐकायचं नसतं, हे तो शिकतोय." काकांची हयात स्मरणपत्रे पाठवण्यात गेलेली, पहिल्या स्मरणपत्राला उत्तर द्यायचे नसते, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? ते गप्प झाले. पिल्लू जरा थांबले, त्यांच्याकडे पाहिले, आणि बसले. दुसऱ्या कुटुंबात आजी ‘बैस’ म्हणत होत्या, वडील ‘सिट’, मुलगा ‘सिट डाउन’, आणि आई नुसतेच डोळे वटारत होती. तिने चौघांना बाजूला घेऊन एक शब्द ठरवायला लावला. पिल्लाला मराठी चालते, इंग्रजीही चालते. त्याला चालत नाही ते संमेलन.

तर क्लास असा निवडावा. आधी पिल्लाशिवाय जाऊन एक पूर्ण तास पाहावा. पाहू देत नसतील तर तिथूनच नमस्कार. पाहताना पहिल्या रांगेतल्या हुशार कुत्र्याकडे पाहू नये, ते कुठल्याही क्लासात असते. शेवटच्या कोपऱ्यातल्या ढ पिल्लाकडे पाहावे: शेपूट कुठे आहे, कान कसे आहेत, बाई जवळ आल्या की ते पुढे येते की मागे सरते? मग दोनच प्रश्न विचारावेत. पिल्लाचे बरोबर आले तर काय करता? चुकले तर काय करता? पहिल्याचे उत्तर लांबलचक आणि दुसऱ्याचे ‘पुन्हा सोपे करून देतो’ असे आले, तर पैसे भरावेत. दुसऱ्याचे उत्तर ‘ते आमच्यावर सोडा’ असे आले, तर सोडावे, त्यांनाच. घरच्या सगळ्यांना या म्हणतात का, लसीचे कार्ड मागतात का, हे पाहावे. कार्ड मागणाऱ्याचा राग मानू नये; न मागणाऱ्याचा मानावा. हमखास गॅरंटी देणाऱ्यापासून दूर राहावे. आणि पिल्लू गावठी आहे म्हटल्यावर ज्याचा चेहरा दयार्द्र होतो त्याला नापास करावे. आपल्या वाहतुकीत जन्माला येऊन, चौक ओलांडून, चहाच्या टपरीवाल्याशी संधान बांधून जगणाऱ्या कुळाला बुद्धी कमी, असे म्हणणाऱ्याने एकदा स्वतः तो चौक ओलांडून दाखवावा.

एवढा आटापिटा एका पिल्लासाठी कशाला, असे कुणी म्हणेल. कारण चुकीचा क्लास लावला की काय होते, ते आपल्या मध्यमवर्गीय भाषेत एका सभ्य शब्दात सांगतात: "फार्महाऊसवर पाठवला." वर्षादीड वर्षाचा झालेला कुत्रा कुणाला तरी चावतो, सोसायटीची सभा भरते, पत्र येते, आणि एका रविवारी गाडी गावाबाहेर जाऊन रिकामी परत येते. त्या फार्महाऊसचा पत्ता कुणालाच ठाऊक नसतो. मुलांनी विचारला तरी सांगता येत नाही. प्राण्याला क्रूरपणे मारणे आणि उपाशी मरायला वाऱ्यावर सोडून देणे, हे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने लावलेला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात आज दोन वडापावही पोटभर मिळत नाहीत. म्हणजे कायद्याच्या भीतीने कुणी सुधारेल अशी आशा नको. भीतीने कुणीच सुधारत नाही, हेच तर मी मघापासून सांगतो आहे.

आज्ञाधारक कुत्रा समोर साखळी धरणारा असेपर्यंत आज्ञा धारण करतो. अर्ज लिहिणारा विद्यार्थीही मास्तर वर्गात असेपर्यंतच आज्ञाधारक असतो. पोटदुखीची कला त्याला त्या धाकानेच शिकवलेली असते. मला घरात असला अर्जदार नको आहे. कुकरची शिट्टी झाली, दारावर अनोळखी माणूस आला, पोराने चुकून शेपटीवर पाय दिला, तर दात दाखवण्याआधी ज्याला एकदा आमच्या तोंडाकडे पाहावेसे वाटेल, असे पिल्लू मला हवे आहे. धाक दाखवून तसे होत नाही. रोज थोडे थोडे, वाटाण्याएवढे, कमवावे लागते. ढब्बूला लिहिता येत नाही. पण उद्या आलेच, तर आमच्या नावे केलेल्या त्याच्या अर्जाखाली ‘आपला विश्वासू’ असावे, आणि त्याखाली पंजा.

अर्जातला विषय मला आताच ठाऊक आहे. दूधपोळी पूर्ववत सुरू करण्याबाबत.